दादाभाई नौरोजी मार्ग, मुंबई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई पाहायला येणारे पाहुणे गेटवे, मरीन ड्राइव्ह, राणीची बाग हे सगळं बघतात आणि सीएसएमटीसमोर एक फोटो काढून परत जातात. ज्या रस्त्यावर ते स्टेशन उभं आहे तो रस्ता मात्र क्वचितच कुणी टोकापासून टोकापर्यंत चालतं. रोज त्यावरून ऑफिसला जाणारेही मान खाली घालून भराभर चालत असतात. हा रस्ता सावकाश, वर बघत चालावा, म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

हा रस्ता नेमका कुठून कुठे जातो?

उत्तरेला क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई. तिथून दक्षिणेकडे निघालात की डाव्या हाताला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि त्याच्यासमोर मुंबई महापालिकेची इमारत लागते. पुढे फोर्टमधली दुकानं, विमा कंपन्यांच्या जुन्या इमारती, सिद्धार्थ कॉलेज, आणि शेवटी हुतात्मा चौक. तिथे हा रस्ता महात्मा गांधी मार्गाला आणि वीर नरिमन मार्गाला मिळतो. बोलताना सगळे ‘डी. एन. रोड’ असंच म्हणतात. टॅक्सीवाल्याला पूर्ण नाव सांगितलंत तर तो क्षणभर विचार करील.

चालायला किती वेळ लागतो?

अंतर साधारण दीड किलोमीटर आहे. न थांबता चाललात तर वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. थांबत, वर बघत, एखाद्या इमारतीच्या जिन्यात डोकावत चालायचं असेल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा.

जुन्या पुस्तकांत ‘हॉर्नबी रोड’ येतो, तो हाच का?

हो, हाच. विल्यम हॉर्नबी हे १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांच्या नावावरून हे नाव पडलं. वरळीची खाडी अडवणारा ‘हॉर्नबी वेलार्ड’ हा बांधही त्यांच्याच नावाचा. स्वातंत्र्यानंतर रस्त्याला दादाभाई नौरोजींचं नाव मिळालं. आजोबांच्या पिढीच्या तोंडी ‘हॉर्नबी रोडवरचं दुकान’ अगदी सहज यायचं.

या भागाला ‘फोर्ट’ म्हणतात, पण किल्ला तर दिसत नाही. तो गेला कुठे?

किल्ला होता, आणि चांगला भक्कम होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी वस्तीभोवती तटबंदी उभारली. तिला तीन मुख्य दरवाजे होते: उत्तरेला बाजार गेट, पश्चिमेला चर्चगेट, दक्षिणेला अपोलो गेट. शंभर-दीडशे वर्षांत तटाच्या आत इतकी गर्दी झाली की हवा आणि पाणी दोन्हींची चणचण भासू लागली. लष्करी दृष्टीनेही त्या भिंतींना आता अर्थ राहिला नव्हता. बार्टल फ्रियर १८६२ मध्ये गव्हर्नर झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत तट पाडला गेला.

त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिकडचा कापूस बंद झाल्याने इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस लागू लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच बाजार कोसळला आणि अनेक पेढ्या बुडाल्या, पण तोवर शहराचा नवा आराखडा मार्गी लागला होता. तटाला लागून असलेला हा रस्ता रुंद झाला. पाडलेल्या तटाच्या मोकळ्या जागेवर पुढच्या तीस-चाळीस वर्षांत एकामागून एक दगडी इमारती उभ्या राहिल्या.

तट गेला तरी त्याची नावं राहिली. चर्चगेट स्टेशन आहे, पण गेट नाही. बाजारगेट स्ट्रीट आहे. खरोखरचा दगडी अवशेष बघायचा असेल तर सीएसएमटीच्या पलीकडे पी. डिमेलो मार्गावर सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात जा. तिथे फोर्ट सेंट जॉर्जच्या भिंतीचा तुकडा अजून उभा आहे.

फूटपाथवर सगळीकडे कमानी का आहेत?

या रस्त्याबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन.

नीट पाहिलंत तर इथल्या दोन शेजारच्या इमारती कधीच सारख्या नसतात. एक गॉथिक, टोकदार कमानींची. दुसरी ग्रीक खांबांची. तिसरीवर भारतीय वळणाच्या घुमट्या, चौथी एकदम गुळगुळीत आर्ट डेको. मालक वेगळे, वास्तुकार वेगळे, काळ वेगळा. तरीही रस्ता एकसंध वाटतो. याचं श्रेय एका नियमाला जातं. १८९६ मध्ये असं ठरलं की या रस्त्यावर बांधकाम करायचं तर तळमजल्याला पादचाऱ्यांसाठी कमानींचा आच्छादित मार्ग सोडावा लागेल. वरचे मजले कसेही सजवा, पण खाली रस्त्याने चालणाऱ्याला सावली द्यायची.

मालकाच्या जागेतून लोकांना वाट काढून देणारा हा नियम आहे आणि तो सव्वाशे वर्षं काम करतोय. जुलैतल्या धो-धो पावसात सीएसएमटीहून हुतात्मा चौकातल्या फ्लोरा फाउंटनकडे निघालेला माणूस बराचसा रस्ता छत्री न उघडता जाऊ शकतो, आणि मे महिन्यात डोक्यावर ऊन घेत नाही. आजच्या नव्या टॉवरांच्या बाहेर उंच कुंपणं आणि गाड्यांचे रॅम्प असतात, फूटपाथ नावापुरता उरतो. अशा वेळी हा जुना नियम किती शहाणपणाचा होता हे कळतं. नवीन रस्ते आखणाऱ्यांनी तो पुन्हा वाचायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

कमानींखाली फेरीवाले बसतात, त्यावरून वाद होतात आणि होत राहतील. गॉगल, चार्जर, पट्टे, अत्तरं, शर्ट, सगळं मिळतं. भाव केल्याशिवाय घेऊ नका.

सुरुवात क्रॉफर्ड मार्केटपासून करावी की हुतात्मा चौकातून?

क्रॉफर्ड मार्केटपासून. सकाळी मंडई जागी असते आणि रस्त्याचा शेवट हुतात्मा चौकात व्हावा हेच योग्य आहे.

क्रॉफर्ड मार्केटमध्ये खरेदीखेरीज बघण्यासारखं काय आहे?

इमारत १८६९ मध्ये पूर्ण झाली. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर, त्यांचं नाव दिलं गेलं. रचना विल्यम इमर्सन यांची. पुढे कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल ज्यांनी आखलं तेच हे इमर्सन. दर्शनी दारांवर शेतकऱ्यांची, पिकाच्या कापणीची दगडी शिल्पं आहेत. ती लॉकवुड किपलिंग यांची. बहुतेक गिऱ्हाईक त्यांच्याखालून पिशव्या सांभाळत आत शिरतं आणि वर पाहत नाही. तुम्ही पाहा.

आत फळं, सुका मेवा, केक-चॉकलेटचं साहित्य, परदेशी खाऊ. एप्रिल-मे महिन्यात देवगड-रत्नागिरीच्या हापूसच्या पेट्या येतात, त्या वेळी मंडईच्या दारातच वास गाठतो. जोतिबांचं नाव या मंडईला शोभतं, कारण शेतकऱ्याच्या मालाला शहरात काय मोल मिळतं हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला. मंडईच्या समोरच पोलीस आयुक्तांचं जुनं दगडी कार्यालय आहे.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जाता येतं का? तिथे किपलिंगचा जन्म झाला हे खरं का?

ही चालू शिक्षणसंस्था आहे, त्यामुळे फाटकावर विचारूनच आत जा. वार्षिक कलाप्रदर्शनाच्या दिवसांत सर्वांना जाता येतं आणि तीच सर्वांत चांगली वेळ.

संस्था १८५७ मध्ये सुरू झाली, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. वर उल्लेख आलेले लॉकवुड किपलिंग इथे शिकवायला होते आणि त्यांचा मुलगा, ‘जंगल बुक’चा लेखक रुडयार्ड, ३० डिसेंबर १८६५ रोजी याच आवारात जन्मला. आज दिसणारा हिरव्या रंगाचा लाकडी बंगला मात्र त्यानंतरचा आहे.

किपलिंगची गोष्ट सगळे सांगतात. मला वाटतं, इथे शिकलेल्या आपल्या माणसांची गोष्ट आधी सांगायला हवी. चित्रकार म. वि. धुरंधर इथेच शिकले आणि इथेच शिकवू लागले. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेतच, १८९६ च्या सुमारास, ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प घडवलं. देवळाकडे निघालेल्या नऊवारीतल्या तरुणीच्या त्या मूर्तीने तेव्हा देशभर नाव मिळवलं. चित्रकार वासुदेव गायतोंडेही इथलेच. सीएसएमटीच्या भिंतींवरची पानं, फुलं, माकडं, मोर यांच्या नक्षीकामातही याच शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत.

सीएसएमटी कोणी बांधलं, आणि ते बघताना नजर कुठे ठेवावी?

वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि १८८८ मध्ये पूर्ण झालं. मधेच १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ हे नाव देण्यात आलं. खर्च सुमारे सोळा लाख रुपये. १९९६ मध्ये ‘छत्रपती शिवाजी टर्मिनस’ असं नामकरण झालं, २००४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं, आणि २०१७ मध्ये नावात ‘महाराज’ जोडलं गेलं. जुने लोक अजून ‘व्हीटी’ म्हणतात, त्याहून जुने ‘बोरीबंदर’. बोरीबंदरचं स्टेशन याच परिसरात होतं. तिथूनच १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी गाडी ठाण्याला निघाली. चौतीस किलोमीटर अंतर, चौदा डबे आणि सुमारे चारशे प्रवासी.

आता नजर कुठे ठेवायची ते. घुमटाच्या शेंड्यावर एक स्त्री उभी आहे, एका हातात उंच धरलेली मशाल, दुसऱ्या हाताशी चाक. ती ‘प्रगती’ची मूर्ती. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह बसलाय, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. पन्हाळींच्या तोंडाशी दगडी प्राणी आहेत, पाऊस पडला की त्यांच्या तोंडून पाणी वाहतं.

आणि मग भिंतीवरचे गोल कोनाडे पाहा, ज्यांत माणसांचे चेहरे कोरले आहेत. त्यांत गव्हर्नर आहेत, रेल्वे कंपनीचे अधिकारी आहेत, आणि पगडी घातलेले नाना शंकरशेट आहेत. सर जमशेटजी जीजीभॉयही आहेत. नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, मूळचे मुरबाडचे. मुंबईत रेल्वे यावी म्हणून त्यांनी जमशेटजींबरोबर खटपट केली आणि ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’च्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. रोज लाखो माणसं त्यांच्यासमोरून लोकल पकडायला धावतात. मुलांना घेऊन गेलात तर आधी नानांचा चेहरा शोधायला सांगा.

तिकीट खिडक्यांच्या ‘स्टार चेंबर’मध्ये मान वर करा. छतावर सोनेरी तारे आहेत, खाली इटालियन संगमरवराचे आणि निळसर भारतीय दगडाचे खांब. मुख्य घुमटाखालचा भाग मध्य रेल्वेचं कार्यालय आहे. तिथे कामाच्या दिवशी दुपारी तिकीट काढून मार्गदर्शकासह जाता येतं. अधांतरी वाटणारा दगडी जिना बघायला तरी जाच.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात याच स्टेशनात पन्नासहून जास्त माणसं मारली गेली. त्यांच्या नावांची पाटी स्टेशनात आहे. तिच्यापाशी थोडं थांबा.

समोरची महापालिकेची इमारत स्टेशनसारखीच का दिसते?

कारण तिचेही वास्तुकार स्टीव्हन्सच. ती १८९३ मध्ये पूर्ण झाली. दोन रस्त्यांच्या बेचक्यातली तिरकी जागा मिळाली होती आणि त्यांनी त्या अडचणीतूनच उंच मनोरा आणि घुमट असा देखणा दर्शनी भाग काढला. वरच्या बाजूला पंख असलेली मूर्ती आहे, मुंबई हे हिंदुस्थानातलं पहिलं शहर या अर्थाचं लॅटिन ब्रीद तिच्याशी जोडलेलं आहे. समोर सर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे. ज्यांनी या महापालिकेला स्वतःचा आवाज दिला त्यांचा पुतळा बरोबर जागी उभा आहे.

इमारत आतून बघण्यासाठी शनिवार-रविवारी वारसा फेरी ठेवलेली असते, आधी नोंदणी करावी लागते. सभागृहाचं कोरीव लाकूडकाम बघाल तर फेरीचे पैसे वसूल झाले असं वाटेल.

त्याच ओळीतल्या बाकीच्या इमारती कुठल्या?

स्टेशनसमोर अंजुमन-ए-इस्लामची शाळा आहे. संस्था १८७४ ची, इमारत १८९३ ची. संस्थापकांत काँग्रेसचे एक आरंभीचे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी. तिच्याच ओळीत टाइम्स ऑफ इंडियाची इमारत. चौकाच्या कोपऱ्यावरचं कॅपिटॉल सिनेमागृह १८७९ मध्ये ‘गेइटी’ या नावाचं नाट्यगृह म्हणून सुरू झालं होतं, सिनेमा नंतर आला.

सिद्धार्थ कॉलेज या रस्त्यावर आहे का?

आहे, ‘बुद्ध भवन’ आणि ‘आनंद भवन’ या दोन इमारतींत. या रस्त्याच्या माहितीत स्टेशन आणि बँकांवर पानंच्या पानं लिहिली जातात आणि ही दोन नावं एका ओळीत उरकली जातात. हे मला खटकतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. गिरणीत, कचेरीत, रेल्वेत नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले गेले. पहाटेच्या लोकलने येऊन तास करायचे आणि तिथूनच कामावर जायचं, असं करत कित्येक घरांतली पहिली पदवी इथून बाहेर पडली. कॉलेजच्या ग्रंथालयात बाबासाहेबांच्या स्वतःच्या संग्रहातले ग्रंथ आहेत.

जागा कुठली निवडली तेही बघा. व्यापारी पेढ्या, विमा कंपन्या आणि साहेबांच्या मोठ्या दुकानांच्या या रस्त्यावर, शहराच्या अगदी मध्यभागी, स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर. चाळींतून आणि झोपडवस्त्यांतून येणाऱ्या मुलाला कॉलेज शोधत शहराच्या कडेला जावं लागलं नाही. एका पिढीच्या मनात त्यामुळे काय बदललं असेल, याचा विचार त्या दारासमोर उभं राहून करून बघा.

या रस्त्यावर पारशी खुणा इतक्या का?

फोर्टचा उत्तर भाग पूर्वीपासून पारशी आणि गुजराती व्यापाऱ्यांचा होता. सर जमशेटजी जीजीभॉय पारशी बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनची शाळा याच रस्त्यावर आहे, संस्था १८४९ ची. जवळचं ‘फोर्ट हाउस’ हे एके काळी जमशेटजींचं राहतं घर. पुढे तिथे मोठं दुकान आलं, मग हँडलूम हाउस, आणि १९८२ मध्ये आगीत इमारतीचं फार नुकसान झालं. १८८१ ची ‘वाचा’ अग्यारी, म्हणजे पारशी अग्निमंदिर, तीही इथेच. तिच्या दारावरचे पंखधारी बैल बाहेरून बघता येतात, आत फक्त पारशी-झोरोस्ट्रियन समाजाला प्रवेश आहे.

माझ्या सर्वांत आवडीची जागा जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट. १८५६ मध्ये काही पारशी तरुणांनी वाचनालय सुरू केलं, आजची गॉथिक इमारत १८९८ ची. वर उंच छताचं वाचनदालन, रंगीत काचांच्या खिडक्या आणि खाली गाड्यांचा आवाज. जीर्णोद्धार इतका काळजीपूर्वक झाला की २०१५ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली.

फाउंटनकडच्या भागात इमारती वेगळ्या का वाटतात?

तिथे विसाव्या शतकातला पैसा दिसतो. विमा कंपन्या, प्रवासकंपन्या, बँका. बॉम्बे म्युच्युअलची आर्ट डेको इमारत, थॉमस कुकची इमारत, मॅकमिलनची जुनी वास्तू. १९४६ पासून अनेक दशकं जिथे खादी भांडार होतं त्या इमारतीत त्याआधी व्हाइटअवे लेडलॉ हे साहेबी दुकान होतं. साहेबांच्या कापडाच्या जागी खादी आली, तीही स्वातंत्र्याच्या एक वर्ष आधी.

चौकाजवळची ओरिएंटल इमारत मुळात कॅथेड्रल शाळेसाठी बांधलेली. १८९० च्या दशकात तिचं रूप विमा कंपनीसाठी पालटलं, तेही स्टीव्हन्स यांनीच. म्हणजे एकाच रस्त्यावर त्यांची तीन कामं. १९०० मध्ये ते मुंबईतच वारले.

दुकानांच्या पाट्या कमानींच्या आत एकसारख्या बसवलेल्या दिसतात. हे कधी झालं?

१९९० च्या दशकापर्यंत इथल्या कमानी मोठमोठ्या फलकांनी, एसीच्या डब्यांनी आणि वायरींनी पार झाकून गेल्या होत्या. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. त्यानंतर वास्तुकार आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याचा अभ्यास करून पाट्या कुठे आणि केवढ्या असाव्यात याचे नियम सुचवले. पाटी कमानीच्या पोकळीत बसली पाहिजे, दगड झाकला जाता कामा नये. नुसत्या सरकारी हुकमाने हे झालं नसतं. एकेका दुकानदाराला समजावत काम पुढे सरकलं आणि पुष्कळांनी स्वतःच्या खिशातून पाट्या बदलल्या. या प्रकल्पाला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. हल्ली काही ठिकाणी पुन्हा चमचमते फलक डोकं वर काढतायत. तेव्हा इतक्या चिकाटीने मिळवलेलं असं हातचं जाऊ नये.

फ्लोरा फाउंटन आणि हुतात्मा चौक एकच का?

जागा एकच, गोष्टी दोन.

कारंजं १८६४ चं. जुन्या चर्चगेटच्या जागी ते उभं राहिलं. आराखडा नॉर्मन शॉ यांचा, मूर्ती जेम्स फोर्सिथ यांनी पोर्टलंडच्या दगडात घडवल्या. शिखरावर फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची देवता. खरं तर ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसायचं होतं. सुमारे ४७,००० रुपये खर्चापैकी २०,००० कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांनी दिले. दुरुस्तीनंतर २०१९ च्या जानेवारीत ते पुन्हा वाहू लागलं.

दुसरी गोष्ट २१ नोव्हेंबर १९५५ ची. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रस्तावाविरुद्ध कामगार आणि विद्यार्थ्यांचे जथे विधानसभेकडे निघाले. तेव्हा विधानसभा रीगल सिनेमाजवळच्या कौन्सिल हॉलमध्ये भरायची आणि तिकडची वाट फाउंटनवरूनच जायची. पोलिसांनी इथेच अडवलं, लाठीमार केला, मग गोळ्या झाडल्या. त्या दिवशी पंधरा माणसं गेली. पुढच्या दोन-तीन महिन्यांत संयुक्त महाराष्ट्रासाठी जीव दिलेल्यांची संख्या शंभरावर गेली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं.

स्मारकात एक शेतकरी आणि एक कामगार मिळून मशाल धरून उभे आहेत. १ मे आणि २१ नोव्हेंबरला इथे फुलं वाहिली जातात. इतर दिवशी बसच्या रांगेत उभ्या असलेल्यांची पाठ स्मारकाकडे असते. कारंज्याचा फोटो काढलात की चार पावलं पुढे जा आणि हुतात्म्यांची नावं वाचा. आडनावं वाचताना कळतं की त्यांत कोकणातला, घाटावरचा, गिरणगावातला, सगळ्या जातीधर्मांचा माणूस होता.

ज्यांचं नाव रस्त्याला आहे, त्या दादाभाईंचा या भागाशी संबंध काय?

जवळचा. जन्म ४ सप्टेंबर १८२५. ते एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले, त्या जागेवर पोचलेले पहिले हिंदी गृहस्थ. १८५१ मध्ये ‘रास्त गोफ्तार’ हे गुजराती पत्र सुरू केलं. १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अगदी निसटत्या मताधिक्याने ब्रिटिश संसदेत निवडून गेले. १८८६, १८९३ आणि १९०६ अशी तीनदा काँग्रेसची अध्यक्षपदं भूषवली. कलकत्त्याच्या १९०६ च्या अधिवेशनात त्यांनी अध्यक्षपदावरून ‘स्वराज्य’ हे ध्येय मांडलं.

हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं आणि १९०१ मध्ये त्यावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. जो रस्ता साम्राज्याच्या व्यापाराची ऐट दाखवायला सजला होता, त्यालाच त्या व्यापाराचा हिशेब मागणाऱ्याचं नाव मिळालं. यापेक्षा योग्य नाव सुचणं कठीण. त्यांचा पुतळा फाउंटनजवळच आहे.

इथे कधी ट्राम होती का?

होती. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, विजेची १९०७ मध्ये. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली आणि तिला निरोप द्यायला लोकांनी दुतर्फा गर्दी केली होती.

खायला काय?

क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाहचा फालुदा. कॅपिटॉलच्या इमारतीत ‘आराम’चा वडापाव, सोबत ताक किंवा पीयूष घ्या. महापालिकेजवळ कॅननची पावभाजी. पोटभर जेवायचं तर स्टेशनसमोरच्या गल्लीत पंचम पुरीवाला. फोर्टच्या आतल्या गल्ल्यांत इराणी आणि पारशी खाणं मिळतं, पण ते बहुधा दुपारपुरतं, आणि रविवारी बरंच बंद असतं.

कधी जावं, आणि कसं पोचावं?

इमारती बघायच्या असतील तर रविवारी सकाळी सात-आठला. कचेऱ्या बंद, रस्ता मोकळा, कमानींतून शेवटपर्यंत नजर जाते. रस्त्याचा खरा जीव बघायचा असेल तर आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी संध्याकाळी सहाला, जेव्हा सगळं फोर्ट स्टेशनकडे वाहू लागतं. सीएसएमटीचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, म्हणून त्याचा फोटो दुपारनंतरच्या उन्हात काढा. अंधार पडल्यावर रोषणाई असते.

मध्य आणि हार्बर रेल्वेने सीएसएमटी, क्रॉफर्ड मार्केटसाठी मशीद स्टेशनही जवळ. पश्चिम रेल्वेने चर्चगेटला उतरून हुतात्मा चौक दहा मिनिटांवर. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोची सीएसएमटी आणि हुतात्मा चौक ही दोन्ही स्थानकं सुरू आहेत. गाडी आणू नका, लावायला जागा मिळत नाही.

वयस्कर माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर?

स्टेशनसमोर रस्ता वरून ओलांडायचा प्रयत्न करू नका, भुयारी मार्ग वापरा. त्याला पायऱ्या आहेत, हे गुडघे दुखणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. त्यांच्यासाठी स्टेशन ते हुतात्मा चौक एवढाच टप्पा पुरे. कमानींखाली सावली आहे, पण फरशी काही ठिकाणी वर-खाली आहे आणि पावसाळ्यात निसरडी होते. बसायला जागा कमी, तेव्हा स्टेशनसमोरच्या भाटिया बागेत थोडा विसावा घ्या.

रस्ता संपल्यावर अजून तासभर हाताशी असेल तर?

हुतात्मा चौकातून विद्यापीठाकडे जाताना फूटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात, मराठी पुस्तकं विचारून घ्या, बऱ्याचदा ती खालच्या थरात असतात. तिथून काळा घोडा जवळच. उलट, परत मागे फिरायचं असेल तर सर फिरोजशहा मेहता रोडने आत शिरा आणि पेरिन नरिमन स्ट्रीट, बाजारगेट स्ट्रीट अशा गल्ल्यांतून स्टेशनला या. मुख्य रस्त्यावर ज्यांची दुकानं होती ती माणसं कुठे राहायची, कुठे पूजा करायची आणि कुठे पाणी भरायची हे त्या गल्ल्यांत दिसतं.